मंगळवारी रात्री साडेदहाला

महिन्यातला दुसरा मंगळवार. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली, लाखांदूरची सेवा केंद्रं केव्हाच बंद झालेली असतात. रात्री साडेदहाला (हिवाळ्यात तासाभराने) अमेरिकेत रेडमंडला सकाळचे दहा वाजतात आणि मायक्रोसॉफ्ट विंडोजची महिन्याची दुरुस्ती खुली करते. कोट्यवधी ओळींच्या त्या प्रणालीत जगात कुठेतरी कुणालातरी एक फट दिसलेली असते. ती बुजवणारा तुकडा एक-दोन दिवसांत भंडाऱ्यात सातबारा काढणाऱ्या संगणकात येऊन बसतो. बसण्याआधी संगणक त्याच्यावरची सही तपासतो. सातबाऱ्यावरची तलाठ्याची डिजिटल सही ज्या गणितावर चालते, त्याच गणिताने. केवढं नवल आहे हे!

ही दुरुस्ती थांबते, तीही मंगळवारीच. विंडोज एक्सपी २००१ साली आली. त्याच वर्षी एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे तुमसर, पवनीच्या पोरापोरींच्या हाती माऊस आला. एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला, इकडे हलक्या धानाच्या कापणीचे दिवस असताना. तिन्ही तारखा मंगळवारच्या.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होतोच, काही बिघडलेलं दिसत नाही. पण नव्या विंडोजमध्ये जुन्या विंडोजचा बराच भाग तसाच असतो. नव्यातली फट बुजवली की ती कुठे होती हे हल्लेखोराला त्या दुरुस्तीवरूनच उलगडतं, आणि जुन्यात ती उघडीच असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या हल्ल्याने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा मुदत संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रंही बाद ठरतात, आणि हे मला खटकतं. विंडोज १० च्या घरगुती संगणकाला नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळते, तोही मंगळवारच. त्यानंतर त्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घालता येते. लिनक्सच्या उबुंटू या प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. लिनक्सवाले जुन्याला किती धरून राहतात पाहा: १९८५ च्या ज्या ३८६ चिपवर लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, तिचा आधार त्यांनी काढला तो थेट डिसेंबर २०१२ मध्ये.