चाके अडखळतात तेव्हा

विद्यार्थ्यांनी घडविलेला रोबोट प्रदर्शनात भरकटला की दोष मोटरला दिला जातो, आणि मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. कारण बहुधा अन्यत्र असते. ते क्रमाने शोधता येते.

प्रथम ड्रायव्हरवर डाव्या-उजव्या मोटरींच्या तारांची अदलाबदल करावी. तीच मोटर अडखळली तर मोटर, तिची तार वा गिअर सदोष. दुसरी अडखळू लागली तर दोष ड्रायव्हर, त्याची जोडणी किंवा प्रोग्राममध्ये.

दोन्ही अडखळत असतील तर चाके फिरत असतानाच बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. ९ व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी भार पडताच ढेपाळते. शिवाय एल-२९८ ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. आर्डुइनो व ड्रायव्हर यांची ग्राउंड तार एकमेकींस जोडलेली असावी. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ड्रायव्हर अतितापून थांबू शकतो. निवल्यावर पुन्हा चालतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. ही सवय लागलेला विद्यार्थी उद्या शेतातला पंप बंद पडला तरी आधी कारण शोधील. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी पुस्तकांसोबत एखादा मल्टिमीटरही शाळेस अवश्य भेट द्यावा.