छातीतली कळ : बरगडीची की हृदयाची?

घरात हृदयविकाराचा माणूस असला आणि त्याची छाती जराशी दुखली, की सारे घर धास्तावते. पण छातीतले प्रत्येक दुखणे हृदयाचे नसते. पोते उचलले, खोकल्याची उबळ आली, म्हणजे बरगड्यांमधले स्नायू दुखावतात. ही कळ एका जागी असते. बोटाने दाबले, कूस बदलली की वाढते.

हृदयशूलाची तऱ्हा निराळी. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले, की छातीच्या मध्यावर धोंडा ठेवल्यागत दाब येतो. तो हाताकडे, मानेकडे, जबड्याकडे सरकतो. चढ चढताना येतो, बसले की बहुधा ओसरतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत कधी नुसती धाप लागते, मळमळते.

मग घरी ओळखायचे कसे? खरे सांगायचे तर पक्के ओळखता येतच नाही. दाबल्यावर दुखले, म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. तेव्हा हातातले काम टाकून बसावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी. ५ मिनिटांत उतार पडला नाही, किंवा घाम, धाप असली, तर १०८ क्रमांकावर फोन करावा. ‘वात असेल, शेकू या’ म्हणून रात्र काढू नये. तपासणीअंती स्नायूच दुखावलेला निघाला, तर शेक कुठे पळून जातो?