ओकच्या पिंपात मुरलेले अगेव्ह

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि अन्य चार राज्यांच्या ठराविक भागांत निळ्या अगेव्हपासून, म्हणजे महाराष्ट्रात बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातील वनस्पतीपासून, तयार होणाऱ्या मद्यालाच कायद्याने टकिला म्हणता येते. त्यातील ‘एक्स्ट्रा आन्येहो’ हा वर्ग २००६ मध्ये मान्य झाला असून, त्यासाठी मद्य जास्तीत जास्त ६०० लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरावे लागते. मात्र कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे पदार्थ १ टक्क्याच्या आत मिसळले, तर बाटलीवर त्यांचा उल्लेख करण्याचे बंधन नसते. त्यामुळे गडद सोनेरी रंग हा वयाचा पुरावा ठरत नाही. अनेकदा वापरलेल्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवलेले निर्भेळ मद्य फिकटच राहू शकते.

अगेव्हच्या गाभ्यात फ्रुक्टान ही गुंतागुंतीची शर्करा असते. गाभा भाजल्यावर तिचे विघटन होऊन आंबवण्याजोगा फ्रुक्टोज मिळतो व त्याच उष्णतेत भाजक्या, किंचित मातकट गंधाची द्रव्येही जन्मतात. पुढे पिंपाच्या शेकलेल्या लाकडातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन, तर लाकडातूनच लवंगेचा गंध देणारे युजेनॉल आणि खोबऱ्याची आठवण करून देणारी लॅक्टोन संयुगे मद्यात उतरतात. दीर्घकाळ मुरवणे हा गुणच असतो असे नाही, कारण लाकूड वरचढ झाले की अगेव्ह हरवते, आणि मग ती टकिला आहे की दुसरे एखादे जुने मद्य, हे सांगणे अवघड होते.

म्हणून आस्वाद घेताना शोधायचे ते अगेव्ह. अल्कोहोलच्या तीव्र वाफेने नाक बधिर होऊ नये यासाठी अरुंद तोंडाचा पेला नाकापासून थोडा दूर धरून हलका श्वास घ्यावा, छोटा घोट जिभेवर फिरवून गिळावा आणि नाकावाटे उच्छ्वास सोडावा. घशामागून नाकात पोहोचणाऱ्या या गंधालाच मेंदू बहुतांशी ‘चव’ समजतो. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करताना, साखर मागे राहते आणि पिंपातून अगदी थोडीच उतरते, त्यामुळे निर्भेळ मद्यातील गोडवा मुख्यतः व्हॅनिलिनसारख्या गंधांनी निर्माण केलेला भास असतो. नाक चिमटीत धरल्यावर तो बराचसा ओसरतो. जिभेवर ठळक गोडी तशीच रेंगाळली, तर पाकाचा संशय घ्यायला जागा असते, पण अल्कोहोललाही स्वतःची सौम्य गोडी असल्याने खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.