भाटकार नसलेला श्रीमंत

९ डिसेंबर १९६३ ला गोव्यात विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान झालं, तेव्हा काँग्रेसच्या मंडळींना निकालाची फारशी काळजी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी नेहरूंच्या सरकारने सैन्य पाठवून साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता घालवली होती. मुक्ती देणाऱ्याला मत मिळणार, हा हिशेब तसा सरळ होता. प्रत्यक्षात गोव्यातल्या २८ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. जी एक मिळाली ती दमणची. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ जागा जिंकल्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सने १२. प्रजासमाजवाद्यांच्या दोन आमदारांना सोबत घेऊन ‘मगो’ने सरकार बनवलं आणि मुख्यमंत्री म्हणून ज्याला निवडलं, तो माणूस निवडणुकीला उभाच नव्हता. पेडण्याचे खाणमालक दयानंद बांदोडकर, म्हणजेच भाऊसाहेब. मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते मागाहून आमदार झाले.

गावातला पैसेवाला पुढारी होतो, यात नवल काहीच नाही. आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत ते रोज घडतं. आधी धंदा, मग मंदिराचा जीर्णोद्धार, मग शाळेला देणगी, मग पंचायत. भाऊसाहेबांच्या चरित्रातही या पायऱ्या सापडतात. मंदिरांना, शाळांना, खेळाडूंना, गायक-वादकांना त्यांनी सढळ हाताने दिलं आणि राजकारणात येण्याआधीच गोवाभर त्यांचं नाव झालं. पण देणग्यांवर एखादी निवडणूक जिंकता येते, दहा वर्षं कुळांचा आणि मुंडकारांचा देव होता येत नाही. एक खाणमालक भूमिहीनांचा नेता कसा झाला, हे समजायला आधी गोव्यातल्या जमिनीकडे आणि मग त्या जमिनीखालच्या खनिजाकडे पाहावं लागतं.

जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. तिच्यावर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. घराच्या भिंती त्याने स्वतः घातलेल्या, पण पायाखालची माती दुसऱ्याची. भाटकाराने सांगितलं की नारळ पाडायला, राखण करायला, लग्नकार्यात राबायला जायचं. नाही म्हटलं तर उठावं लागेल, ही टांगती तलवार कायमची. शेत कसणाऱ्या कुळाची स्थिती थोडी बरी, पण खंड ठरवणार मालकच. भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही, पण दोन्हीकडे बहुतेक वरच्या जातींचे. गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, या जुन्या संस्थेच्या जमिनींवरही ठरावीक घराण्यांचाच वरचष्मा. सहा लाखांच्या आसपास लोकसंख्येचा हा प्रदेश. इथे कोण कुणाच्या जमिनीवर राहतो, हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. मतदानाच्या दिवशीही.

खनिजाची गोष्ट वेगळी होती. १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमानुसार खाणीचा हक्क जमिनीच्या मालकाकडून मिळत नसे, तो सरकार देई. खनिज शोधलं, नोंद केली, अटी पुऱ्या केल्या की सरकारी पट्टा हातात. म्हणजे वाडवडिलांची भाटं नसलेल्या माणसालाही धनवान होण्याची एक वाट उघडी होती. बरीच वर्षं त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही, कारण गोव्याचं लोहखनिज हलक्या प्रतीचं आणि त्याला गिऱ्हाईकही बेताचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आपल्या पोलाद कारखान्यांची उभारणी नव्याने करू लागला आणि चित्र पालटलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातल्या डोंगरांवर खोदकाम सुरू झालं. माल ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जमध्ये, मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात आणि बंदरातून जपानला. पावसाळ्यात मांडवीचं मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचं होई, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत वळवत. रेल्वेची वाट पाहावी न लागणारा हा धंदा. नद्यांनी तो फुकटात पेलला, असं म्हणायला हरकत नाही. नद्यांचं पुढे काय झालं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

या नव्या पैशाने गोव्यात जे चार-सहा मोठे लोक उभे केले, त्यांतले एक बांदोडकर. जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. पेडणे म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेली ‘नवी काबिजाद’, तेरेखोलच्या पलीकडे आजचा सिंधुदुर्ग. इथला हिंदू समाज मराठी वाचणारा, मराठी कीर्तन-नाटकात रमणारा. बांदोडकरांचं घराणं ना भाटकाराचं, ना वरच्या जातीचं. उच्च शिक्षणही नाही. जे मिळवलं ते धंद्यात.

माझ्या मते भाऊसाहेबांच्या राजकारणाची किल्ली इथे आहे. त्यांच्याकडे पैसा होता, पण तो मुंडकाराच्या पाठीवरून आलेला नव्हता. त्यांच्या भाटात राबणारं कुणी नव्हतं, त्यांना खंड देणारं कुळ नव्हतं. म्हणून खेड्यातला माणूस त्यांच्याकडे ‘आपल्यातला, वर गेलेला’ म्हणून पाहू शकला. आणि म्हणूनच, कूळकायदा करताना त्यांना स्वतःच्या खिशाचा विचार करावा लागला नाही. उलट बाजूने पाहा. काँग्रेसच्या गोव्यातल्या नेतृत्वात बरेच जण स्वातंत्र्यसैनिक होते, तुरुंगवास भोगलेले होते; पण खेड्यातल्या मतदाराच्या नजरेत तो पक्ष मोठ्या घरांचा होता. त्यागाला मान मिळाला, मत मिळालं नाही.

इतर खाणमालकांनीही सार्वजनिक जीवनात पाय रोवले, पण रीत निराळी. चौगुल्यांनी ‘गोमन्तक’ काढला, धेंप्यांनी ‘नवहिंद टाइम्स’. साळगावकरांचा फुटबॉल संघ नावारूपाला आला. बांदोडकरांनी मात्र थेट पक्षच हाती घेतला. फुटबॉलचा शौक त्यांनाही होता, त्यांच्या नावाची स्पर्धा पुढे देशभर गाजली. पण त्यांचं खरं मैदान मगोच्या सिंहाच्या निशाणीचं.

१९६४ साली गोव्याचा कृषी कूळकायदा आला. खंडाला उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा पडली आणि कुळाला मनाला येईल तेव्हा हुसकावणं बेकायदा ठरलं. जमीन कुळाच्या नावावर करणारी तरतूद त्यात नव्हती, हे विसरता येत नाही. ती यायला आणखी बारा वर्षं लागली. पण खंड मालकाच्या लहरीवर न राहता कायद्याच्या आकड्याने ठरतो, ही गोष्टच त्या पिढीला नवी होती. त्याहून मोठं काम शाळांचं. पोर्तुगीज काळात मराठी शिक्षण देवळांच्या मंडपांत, खासगी पदरमोडीवर चालायचं. आता वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. मगोच्या टीकाकारांनाही हे श्रेय नाकारता आलेलं नाही. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली, अध्यक्ष स्वतः भाऊसाहेब. त्याच वर्षी पणजीला मांडवीवर पूल झाला आणि फेरीबोटीची वाट पाहणं संपलं. (तो पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, ते सोडा.)

ज्या मुद्द्यावर पक्ष उभा राहिला, त्याच मुद्द्यावर मात्र भाऊसाहेब हरले. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, हे मगोचं घोषित ध्येय. १९६३ चा कौल विलीनीकरणालाच आहे, असं ते म्हणत. सिक्वेरांचं म्हणणं, निवडणूक वेगळी आणि प्रदेशाचं भवितव्य वेगळं, लोकांना स्वतंत्र विचारा. केंद्राने सिक्वेरांचं ऐकलं. प्रचारात सत्तेचा वापर होऊ नये म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झालं आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा.

ख्रिस्ती मतदार एकगठ्ठा विरोधात गेले, हे उत्तर अर्धवट आहे. गोव्यात हिंदूंची संख्या जास्त होती. त्यांतल्या पुष्कळांनी विलीनीकरण नाकारल्याशिवाय हा आकडा लागूच शकत नाही. कोकणीचा अभिमान होता, मुंबईच्या दूरच्या सचिवालयाची धास्ती होती. शिवाय एक गोष्ट मला नेहमी वाटते: तीन वर्षांच्या मगो राजवटीने, कूळकायद्याने, शाळांनी आपलं छोटं सरकार किती कामाचं असतं हे लोकांना दाखवून दिलं होतं. ते हातचं कोण सोडील? विलीनीकरणाविरुद्धचा एक चांगला युक्तिवाद स्वतः बांदोडकरांच्या कारभारानेच पुरवला.

लगेच पुढच्या काही आठवड्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने मगोला पुन्हा निवडून दिलं. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. यात विसंगती दिसते ती बाहेरच्याला. मुंडकाराच्या दृष्टीने विलीनीकरण हा एक प्रश्न होता आणि भाटकार परत डोक्यावर बसू नये हा दुसरा.

धंद्याने बांदोडकरांना जे दिलं, त्याची दुसरी बाजूही कारभारात दिसली. स्वतः उभारलेल्या धंद्यात निर्णय एकाचाच. पक्षही त्यांनी तसाच चालवला. १९७० मध्ये त्यांच्याच काही आमदारांनी एकाधिकाराची तक्रार करत बंड केलं आणि सरकार वाचलं ते विरोधी बाकांवरून आलेल्यांच्या पाठिंब्यावर. मतदाराने त्याचं मनावर घेतलं नाही. १९७२ ला मगोला दमण-दीव धरून ३० पैकी १८ जागा मिळाल्या. पण पक्षात दुसरी फळी म्हणावी अशी उभी राहिली नाही.

खाणींच्या बाबतीतही नोंद करायला हवी. भाटकाराच्या जमिनीवर मर्यादा आल्या, खाणींचे पोर्तुगीजकालीन कायमचे पट्टे मात्र होते तसेच राहिले. खनिज हा केंद्राचा विषय, हे कारण खरंच आहे. ते पट्टे रद्द करून त्यांचे साधे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ मध्ये. तोवर बांदोडकर जाऊन चौदा वर्षं झाली होती. स्वतःच्या वर्गाच्या हिताला हात घालण्याची त्यांची कसोटी कधी लागलीच नाही, असं म्हणणं न्यायाचं होईल.

१२ ऑगस्ट १९७३ ला, मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचं निधन झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. शशिकलाताईंनी वडिलांचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेलं: १९७५ मध्ये मुंडकार कायदा केला आणि १९७६ मध्ये कूळकायद्याला पाचवी दुरुस्ती करून कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं. १९७९ मध्ये त्यांचं सरकार पक्षातल्या फुटीने पडलं. त्यानंतर मगो अनेक सरकारांत भागीदार झाला. पक्षाचा स्वतःचा मुख्यमंत्री पुन्हा झालेला नाही.