शिष्यवृत्ती मुलीची, धास्ती बापाची!

परवा तिन्हीसांजेला शेजारचे गृहस्थ घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा, पण चेहरा मात्र चिंतेने उतरलेला! थोरल्या मुलीला परभणीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि वर शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती.

“अण्णा, हे पैसे माझ्या पगारात धरले, तर प्राप्तिकर वाढेल हो! त्यापेक्षा शिष्यवृत्ती नकोच म्हणून लिहून द्यावे म्हणतो.”

“अहो, भलतेच काय करता!” मी म्हणालो. “आधी बसा.”

वाचकहो, ही धास्ती पुष्कळ घरांत असते, म्हणून चार शब्द लिहितो. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्याने, कलम १० च्या पोटकलम १६ अन्वये, करमुक्त ठरवली. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही ही सवलत कायम ठेवली आहे. रकमेला मर्यादा नाही. फी, पुस्तके, वसतिगृह, खाणावळ, सारे शिक्षणाच्याच खर्चात येते. अमेरिकेत फी-पुस्तकांपुरतीच रक्कम करमुक्त असते. राहण्या-जेवण्याच्या भागावर कर बसू शकतो. आपला कायदा त्या मानाने उदार! ही रक्कम वडिलांच्या उत्पन्नातही मिळवली जात नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिष्यवृत्तीचे नाव देऊन प्रत्यक्षात कामाचा पगार दिला असेल, तर ती सूट लागू नाही. दुसरे, पैसे बँकेत ठेवून व्याज मिळाले, तर ते व्याज उत्पन्नच होय. मुलगी अठरा वर्षांची झाली असेल, तर ते तिचे स्वतःचे उत्पन्न. एवढ्याशा व्याजावर सहसा कर बसत नाही. अठरा पूर्ण नसतील, तर आईवडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक, त्यांच्या उत्पन्नात ते धरतात.

गृहस्थांचा चेहरा खुलला. मग हळूच म्हणाले, “मानवतला पाच एकर शेत आहे. शेतीला प्राप्तिकर नाही, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते सांगितले नाही. चालेल ना?”

खरी मेख इथेच होती! शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे खरे. पण तहसील कचेरीचा दाखला कर आकारण्यासाठी नसतो. घरात एकूण किती येते, हे त्यात पाहतात आणि त्यात शेतीही आली. उत्पन्नाची अट असलेली शिष्यवृत्ती चुकीच्या दाखल्यावर घेतली, तर ती रद्द होऊन पैसे परत भरायची पाळी येते, आणि तीही मुलीच्या ऐन परीक्षेच्या वेळी!

“उद्याच सातबारा घेऊन जातो आणि दाखला दुरुस्त करून घेतो,” ते म्हणाले. “शेती धरूनही आम्ही मर्यादेच्या आतच आहोत.”

“मग लपवले कशाला हो?”

ते ओशाळून हसले. दाराआड उभी असलेली मुलगी तेव्हा कुठे पुढे आली आणि तिने पुडा सोडून पहिला पेढा वडिलांच्याच हातावर ठेवला.