डोंगर केव्हां सुटतो?

आषाढ लागला कीं ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांतून रविवारचे बेत सुरू होतात. पहाटेची कर्जत लोकल पकडावी, धबधब्याखालीं भिजावें, गरम भजीं खाऊन परतावें. या बेतांत मोडता घालण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु निघतांना आपण केवळ आकाशाकडे पाहतों, तें पुरेसें नाहीं.

हिमालयांतील फिरस्त्यांस बर्फाच्या लोंढ्याची धास्ती असते. तेथें साचलेलें बर्फ एकजीव नसतें. थरांवर थर असतात. मधला एखादा भुसभुशीत थर दगा देतो आणि वरचा थर फळीसारखा सुटून येतो. सह्याद्रींत बर्फ नाहीं, पण थर आहेत. खालीं काळा कातळ, वर त्याच कातळाची झिजून झालेली माती नि मुरूम. माती पाणी भराभर पिते. कातळ तितकें पीत नाहीं. मग पाणी दोहोंच्या सांध्याशीं तुंबतें, मातीचे कण एकमेकांपासून लोटतें, आणि जड झालेल्या मातीची पकड सुटते.

म्हणून या घटकेची सर पाहून भागत नाहीं; मागल्या तीन दिवसांचा पाऊस विचारावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडी गाडली गेली. त्या तीन दिवसांत तेथें ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. गाडीरस्ता नसल्यानें यंत्रें वर नेतां येईनात, हातांनींच माती उपसावी लागली. आणि दरडीच्या धोक्याच्या गांवांच्या सरकारी यादींत या वाडीचें नांवच नव्हतें! दूर कशाला, १९ जुलै २०२१ रोजीं आपल्या कळव्यांत टेकडीची दरड घरावर येऊन एकाच कुटुंबांतील पांच जण दगावले.

डोंगर कांहीं वेळां सूचना देतो. जमिनीला नवी भेग पडते, झाडें कलतात, भलत्याच जागीं झरा फुटतो. भर पावसांत ओढा एकाएकीं आटला, तर आनंदानें पलीकडे जाऊं नये. वर माती कोसळून पाणी अडलें असण्याचा संभव असतो, आणि तो बांध फुटतो. अशा वेळीं ओढ्याच्या काठानें खालीं न धांवतां बाजूच्या उंच धारेवर चढावें. पाऊस उघडल्यावरहि मुरलेलें पाणी सावकाशच उतरतें; तोंवर उभ्या उताराखालीं डबे सोडून बसूं नये.