शिट्ट्या, शिरा आणि शिळा भात

महिनाअखेर आली की पिठलं-भाकरी, हे मराठी घरातलं जुनं गणित. १९९५ साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली, ती याच गणिताच्या भरवशावर. आज वाण्याच्या दुकानात ते जुळत नाही. २०२४-२५ च्या खरिपासाठी केंद्र सरकारनं मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे ३,४२१ रुपये हमीभाव जाहीर केला. २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामात गव्हाचा हमीभाव ठरला २,४२५. म्हणजे जवळजवळ हजाराचा फरक, आणि तोही ज्वारीच्या बाजूनं चढा. त्यात अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कार्डधारकांना जानेवारी २०२३ पासून गहू-तांदूळ फुकट मिळू लागले. अशा घरात पोळी दळणाच्या पैशात पडते. ज्वारी मात्र खिशातून पैसे काढून आणावी लागते.

मग भाकरी निदान जास्त पौष्टिक तरी? तिथेही फार मोठी आघाडी नाही. चाळून कोंडा टाकला नाही, तर १०० ग्रॅम कणकेत आणि १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात प्रथिनं साधारण सारखीच असतात, १० ग्रॅमच्या आसपास. चोथ्यातही दोघी बहिणी-बहिणी. खरी वेगळी आहे ती नाचणी. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं. ज्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी खुशाल खावी, फक्त ती स्वस्तातली सोय आहे असं समजून नव्हे.

पिठल्याबद्दलचा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. ते नुसतं पोट भरण्यासाठी, 'ताकद' दूध-पनीरमध्ये, असं मानलं जातं. चार माणसांच्या घट्ट झुणक्याला दोन वाट्या बेसन लागतं, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. बेसनात प्रथिनं बावीसेक टक्के. माणशी नऊ ग्रॅमच्या पुढे पडली. सोबत साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी धरल्या, तर आणखी बारा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाकाठी ५४ ग्रॅम पुरतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. त्यातला चाळीस टक्के वाटा या एका जेवणात येतो. शिवाय धान्यात जे लायसिन कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे मेथिओनिन कमी ते धान्यात. वरण-भात, उसळ-पोळी, पिठलं-भाकरी या जोड्यांमागे हेच आहे.

मात्र पिठलं म्हणजे किती पातळ, हेही विचारायला हवं. कोकणातली कुळथाची पिठी चार चमचे पिठात चौघांना पुरते. लसणीची फोडणी, दोन आमसुलं, गरम भातावर ओतली की बोलायचं काम नाही! पण हिशेब केला तर माणशी जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं. चव पिठीची घ्यावी. डाळीची जागा भरायची तर त्याच कुळथाची उसळ करावी.

वरण तुरीचंच, हा हट्टही महागात पडतो. वर सांगितलेल्या हंगामांमध्ये तुरीचा हमीभाव ७,५५० होता, हरभऱ्याचा ५,६५०. प्रथिनांत दोघींमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. तुरीत मूठभर चणाडाळ किंवा मसूर मिसळली तर वरणाचा पोत थोडा बदलतो, घरातली मंडळी दोन दिवस कुरकुरतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. मोड आणल्यानं मटकीतली प्रथिनं वाढतात हेही खरं नव्हे. एका वाटीची अडीच-तीन वाट्या मटकी होते ती पाण्यानं. मोडांचा फायदा आहे, पण तो क जीवनसत्त्वाचा आणि लोह शोषायला सोपं होण्याचा.

लोहाचा विषय निघाला की गुळाचा खडा पुढे केला जातो. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. दहा ग्रॅमच्या खड्यात त्यातलं अर्धा मिलिग्रॅम मिळालं तरी पुष्कळ. त्याच पैशात उसळीवर लिंबू पिळणं आणि जेवणाला लागून चहा न घेणं जास्त कामाचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं, चहातलं टॅनिन ते अडवतं.

रेशनच्या तांदळाचा गैरसमज यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यात लोह अक्षरशः गटारात जातं. तांदूळ धुताना काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, कधी वर तरंगणारे. 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' अशी गावभर आवई उठते आणि बायका ते दाणे निवडून फेकतात. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढतात, आणि साध्या शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी ही योजना जाहीर केली आणि मार्च २०२४ पर्यंत हा तांदूळ सगळ्या सरकारी योजनांत पोहोचला. दुकानदारानं आधी दोन वाक्यांत हे सांगितलं असतं, तर निवडण्याचा खटाटोप वाचला असता.

आता चुलीपाशी. महाराष्ट्रात डाळ किती शिजली हे शिट्ट्यांवर मोजतात. 'चार शिट्ट्या झाल्या की बंद कर', असं आई आतून ओरडते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ, आणि त्या वाफेबरोबर गॅसचे पैसे उडतात. कुकरमध्ये दाब पुरेसा झाला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास स्थिरावतं. त्यानंतर आच मोठी ठेवली म्हणून ते वाढत नाही, शिट्ट्या फक्त जास्त होतात. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ लावलं, तर डाळ तशीच शिजते. छोले-राजमा रात्रभर भिजवले तर वेळ आणखी घटतो. मसूर आणि मूगडाळीला भिजवायची गरजही नाही.

'डाळ शिजेना' म्हणून वाण्याला शिव्या घालण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम डाळीची सालं घट्ट धरून ठेवतं. आणि चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला असेल, तर आंबटपणानं डाळ कडकच राहते. आंबट नेहमी शिजल्यावर घालायचं, ही आजीची शिस्त रसायनशास्त्रालाही मान्य आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ पटकन मऊ होते हे खरं, पण त्यात बी-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो.

चवीसाठी तेल सढळ हवं, या समजुतीत तर महिन्याचं बजेट वाहून जातं. फोडणीत तेलाचं काम वास धरून ठेवण्याचं. मोहरी, हिंग, लसूण, सुकी मिरची यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. म्हणून सुरुवातीला पळीभर तेलात कांदा तळण्यापेक्षा, वरण शिजल्यावर एक चमचा तेलाची चुरचुरीत फोडणी वरून ओतली तर नाकाला आधी कळतं. दाटपणा आणायला भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आहेच, आणि ते प्रथिनंही आणतं.

भाजी साफ करताना आपण किती फेकतो, हे दोडका हातात घेतल्यावर कळतं. सोलाण्यानं त्याच्या शिरा काढायच्या, बारीक चिरायच्या, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. तीळ, थोडं सुकं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर घालून खलबत्त्यात कुटायचं. मूळ भाजीपेक्षा चटणीच आधी संपते! दुधीच्या सालांचीही अशीच होते. कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला यांना कचऱ्याच्या डब्यात जागा नाही. अपवाद एकच. दोडका किंवा दुधी चिरला की आधी एक कच्ची फोड जिभेला लावायची. कडू लागली तर काटकसर तिथेच सोडून सगळं फेकायचं. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, आणि शिजवूनही जात नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

उरलेल्या अन्नाबद्दल एक वाक्य घरोघरी ऐकू येतं: 'चांगला गरम केला की काही होत नाही.' पोळीच्या कुस्करलेल्या तुकड्यांच्या बाबतीत ते बरंचसं चालून जातं, भाताच्या बाबतीत नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजला तरी मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढतात, विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष सकाळच्या फोडणीच्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून भात उरतोय असं दिसलं की पातेल्यात ढीग न ठेवता ताटात पसरून निववायचा आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये टाकायचा. सकाळी शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, हळद, वरून लिंबू. फ्रिज नसेल तर रात्रीच अर्धी वाटी तांदूळ कमी लावायचे आणि एक भाकरी जास्त थापायची. उरलीच, तर सकाळी चहाबरोबर संपते.